गाण्यात राहिलेला पत्ता

१९६३ साली अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील अ‍ॅव्हलॉन या खेड्यात एक गोरा तरुण मोटारीने येऊन दाखल झाला. गाव ते कसले! एक दुकान, एक रस्ता आणि टेकडीच्या उतारावर विखुरलेली घरे. नव्या नकाशांतून तर गावाचे नावही गळाले होते. तरुणाने दुकानाशी थांबून एका माणसाची चौकशी केली. त्या माणसाच्या ध्वनिमुद्रिका पस्तीस वर्षांपूर्वी निघाल्या होत्या आणि त्यानंतर बाहेरच्या जगात त्याच्याविषयी कुणीही काही ऐकले नव्हते. तो आता हयात नसणार, असेच जाणकार धरून चालले होते. दुकानातल्या मंडळींना मात्र या प्रश्नात नवल वाटण्याजोगे काही आढळले नाही. त्यांनी रस्ता दाखवला आणि टेकडी चढताना लागणारी तिसरी टपालपेटी त्याच्या घराची, असे सांगून टाकले.

त्या घरात राहणारे जॉन हर्ट तेव्हा सत्तरीला आले होते. दुसऱ्याची गुरे राखून आणि शेतावर राबून ते पोट भरत होते. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात ते न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हजारो श्रोत्यांसमोर गात होते. ‘मिसिसिपी जॉन हर्ट’ हे नाव अमेरिकेतल्या वृत्तपत्रांतून, विद्यापीठांतून, दूरचित्रवाणीवरून गाजू लागले. हे सारे त्यांना जेमतेम साडेतीन वर्षे लाभले. उशिरा उमललेला कलावंत, असे त्यांचे वर्णन नेहमी केले जाते. परंतु त्यांची १९२८ मधली ध्वनिमुद्रणे आणि १९६३ नंतरची ध्वनिमुद्रणे शेजारी-शेजारी ठेवून ऐकली, की हे वर्णन डळमळू लागते. गाणे तेच आहे, गिटारवरची बोटे तीच आहेत, आवाजातला शांतपणाही तोच आहे. मग उमलायला उशीर नेमका कुणाला झाला?

जॉन स्मिथ हर्ट यांचा जन्म १८९२-९३ च्या सुमारास मिसिसिपीतील कॅरोल परगण्यात, टिओक येथे झाला. बालपणापासून ते वाढले ते जवळच्याच अ‍ॅव्हलॉनमध्ये. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा तीस वर्षांच्या आसपासचा काळ लोटला होता. मात्र कृष्णवर्णीयांचे आयुष्य कापसाच्या शेताला जखडलेलेच होते. जमीन गोऱ्या मालकाची. बियाणे, अवजारे, राहायचे घर तोच देई आणि हंगामाच्या शेवटी पिकातला वाटा व उधारी यांचा हिशेबही तोच करी. अर्धेलीने कसणाऱ्या कुटुंबाच्या हाती त्या हिशेबातून फार काही उरत नसे. शाळा अर्ध्यावर सोडून मुले शेतात उतरत. जॉनचेही तसेच झाले.

गिटार त्यांच्या हाती आली ती वयाच्या नवव्या वर्षी. घरी येऊन-जाऊन असणाऱ्या एका शिक्षकाकडे गिटार होती. तिला हात लावायची मुलांना परवानगी नव्हती. सारे झोपले, की छोटा जॉन ती गुपचूप घेऊन तारा चाचपत बसे. पुढे आईने दीड डॉलरला एक जुनी गिटार त्याला घेऊन दिली. गुरू कुणी नव्हता. गाणे जसे असावे असे मनात वाटत होते, तसे ते बोटांतून काढत गेलो, एवढेच ते पुढे आपल्या शिक्षणाविषयी सांगत.

या एकट्याने केलेल्या साधनेतून जे निघाले ते त्या प्रदेशातही वेगळे होते. अ‍ॅव्हलॉन वसले आहे ते टेकड्या संपून मिसिसिपीचा सपाट, काळ्या मातीचा मुलूख सुरू होतो त्या सीमेवर. त्या सपाट मुलखाला ‘डेल्टा’ म्हणतात. डेल्टातले ब्लूज म्हणजे खर्जातून उसळणारा, घोगरा, कधी किंकाळीच्या टोकाला जाणारा आवाज आणि तारांवर जवळजवळ आघात करणारी गिटार. चार्ली पॅटन हा त्या परंपरेचा बिनीचा गायक. पुढच्या पिढ्यांतल्या रिदम अँड ब्लूज, सोल आणि रॉक या साऱ्या प्रवाहांना ब्लूजचे पाणी मिळाले. हर्ट यांचे गाणे मात्र घरातल्या माणसाने घरातल्या माणसांसाठी म्हणावे तसे होते. आवाज मऊ, किंचित खालच्या पट्टीतला, कुणाला जागे न करणारा. गिटारवर उजव्या हाताचा अंगठा जाड तारांवर संथ, न चुकणारी लय धरून चाले आणि तर्जनी व मधले बोट वरच्या तारांवर त्या लयीला किंचित चकवत गाण्याची सुरावट उचलत जाई. एकच वाद्य वाजते आहे यावर पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा सहजी विश्वास बसत नाही. अंगठ्याने सांभाळलेली बाजू पियानोवादकाच्या डाव्या हातासारखी आणि बोटांची बाजू उजव्या हातासारखी ऐकू येते.

दिवसा शेत आणि शनिवारी रात्री कुणाच्या तरी घरचा नाच, अशी त्यांची तरुणपणची वर्षे गेली. मध्ये काही महिने ते रेल्वेमार्गाच्या कामावर होते. रुळांवर घण घालणाऱ्या मजुरांची गाणी त्यांनी तिथे ऐकली आणि त्यांतून पुढे ‘स्पाइक ड्रायव्हर ब्लूज’ आकाराला आले. वाफेच्या यंत्राशी पैज लावून घण मारता-मारता प्राण सोडणाऱ्या जॉन हेन्रीची कथा अमेरिकेत सर्वतोमुखी आहे. त्याच्यावरची बहुतेक गाणी त्याच्या पराक्रमाचे पोवाडे आहेत. हर्ट यांच्या गाण्यातला मजूर या पराक्रमाच्या वाटेला जात नाही. ज्या घणाने जॉन हेन्रीचा जीव घेतला तो आपला घेणार नाही, असे ठरवून तो घण खाली ठेवतो आणि चालू लागतो. ज्या समाजात कृष्णवर्णीय मजुराच्या जिवाला मोल नव्हते तिथे असे गाणे इतक्या शांत आवाजात गाणे, याचा अर्थ ऐकणारे मजूर नीट ओळखत असणार.

वर्णभेदाच्या भिंती त्या भागात चहूबाजूंनी होत्या, परंतु नाचाच्या संगीताला त्यांत कधीमधी फट सापडे. विली नारमोर हा गोरा फिडलवादक त्याच परगण्यातला. त्याचा नेहमीचा गिटारवादक साथीदार शेल स्मिथ उपलब्ध नसला, की तो हर्ट यांना सोबत घेई. नारमोर एका स्पर्धेत जिंकला आणि ‘ओके’ या रेकॉर्ड कंपनीचा माणूस टॉमी रॉकवेल त्याच्या शोधात तिकडे आला. आणखी कुणी चांगला वाजवणारा आहे का, असे त्याने विचारले तेव्हा नारमोरने हर्ट यांचे नाव सांगितले. रॉकवेल त्यांच्या घरी गेला, गाणे ऐकले आणि मेम्फिसला यायचे आमंत्रण देऊन परतला.

फेब्रुवारी १९२८ मध्ये मेम्फिसला झालेल्या त्या ध्वनिमुद्रणाची आठवण हर्ट यांच्या मनात कायमची राहिली होती. भलेमोठे रिकामे दालन, त्यात ते, रॉकवेल आणि तंत्रज्ञ अशी तीनच माणसे. त्यांना खुर्चीवर बसवून मायक्रोफोन थेट तोंडाशी आणला गेला आणि जागा एकदा ठरल्यावर हलायचे नाही, अशी ताकीद दिली गेली. नाचणाऱ्या पायांच्या गलबल्यात गाण्याची सवय असलेल्या माणसाला ही शांतता अवघड गेली. पुढे कित्येक दिवस मान दुखत होती. त्या दिवशी आठ गाणी मुद्रित झाली. त्यांतली दोनच, ‘फ्रँकी’ आणि ‘नोबडीज डर्टी बिझनेस’, बाजारात आली.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात कंपनीने त्यांना न्यूयॉर्कला बोलावले. अ‍ॅव्हलॉनच्या बाहेर फारसे न गेलेला पस्तिशीचा शेतकरी नाताळच्या दिवसांत त्या महानगरात एकटा राहिला. २१ आणि २८ डिसेंबरला ध्वनिमुद्रण झाले. ‘लुईस कॉलिन्स’, ‘कँडी मॅन ब्लूज’, सेंट लुईसमध्ये १८९५ साली घडलेल्या खुनावरचे ‘स्टॅक ओ’ली ब्लूज’ ही त्यांची पुढे ख्यातनाम झालेली गाणी त्या दोन दिवसांतली. गावाच्या आठवणीने व्याकूळ होऊन तिथेच त्यांनी एक नवे गाणे रचले. न्यूयॉर्क चांगले आहे, पण आपले गाव अ‍ॅव्हलॉन आणि मन तिकडेच लागलेले आहे, असा त्याचा साधा आशय. त्याला नाव पडले ‘अ‍ॅव्हलॉन ब्लूज’. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. त्या तीन मिनिटांत एक माणूस नकळत आपला पत्ता नोंदवून ठेवत होता.

सर्व मिळून सहा तबकड्या, म्हणजे बारा गाणी बाजारात आली. नावाला ‘मिसिसिपी’ जोडले ते कंपनीने, विक्रीच्या हेतूने. कृष्णवर्णीय ग्राहकांसाठीच्या ध्वनिमुद्रिका ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणून वेगळ्या विकल्या जात आणि त्या बाजाराला डेल्टातला भडक रंग हवा होता. हर्ट यांचे गाणे त्या मापात बसणारे नव्हते. तबकड्यांना फारसा उठाव मिळाला नाही. पाठोपाठ १९२९ ची मंदी आली आणि लोकांनी भाकरीच्या पैशांतून तबकड्या घेणे थांबवले. पुन्हा बोलावणे आले नाही. हर्ट अ‍ॅव्हलॉनला परतले आणि नांगराला लागले.

त्यानंतरची पस्तीस वर्षे कुठल्याही संगीतकोशात सापडत नाहीत. कापूस लावणे, वेचणे, गुरे राखणे, मिळेल ती मजुरी करणे. पत्नी जेसी, मुले, नातवंडे. रविवारी चर्च आणि अधूनमधून शेजाऱ्यांसाठी गाणे. या काळाविषयी लिहिताना दोन मोहांपासून सावध राहावे लागते. एक, या माणसाचे आयुष्य वाया गेले असे समजण्याचा. हर्ट यांनी स्वतः तसे कधी म्हटले नाही. गाणे हे पोटापाण्याचे साधन असावे, असा त्यांचा आग्रहच नव्हता. दुसरा मोह या दारिद्र्याला साधनेचे रूप देण्याचा. ती साधना नव्हती. ज्या व्यवस्थेत मालकाच्या वहीवरचा आकडा हाच न्याय होता, तिच्यातले ते सक्तीचे जगणे होते. त्यातही गाणे शाबूत राहिले, हे त्या माणसाचे श्रेय.

या पस्तीस वर्षांत अ‍ॅव्हलॉनच्या आसपास काय घडत होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. ऑगस्ट १९५५ मध्ये शेजारच्या लेफ्लोर परगण्यात, मनी या छोट्या गावी आलेल्या एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची गोऱ्यांनी निर्घृण हत्या केली आणि त्यांना निर्दोष सोडणाऱ्या ज्यूरीने साऱ्या देशाला हादरवले. १९६२-६३ मध्ये ग्रीनवूड हे जवळचे शहर कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीच्या लढ्याचे केंद्र बनले. तिथल्या कार्यकर्त्यांवर गोळीबार झाले. १२ जून १९६३ रोजी राज्याच्या राजधानीत मेडगर एव्हर्स या नेत्याचा खून झाला. खुनी ग्रीनवूडचा रहिवासी होता. अशा मुलखात, अशा वर्षी, अनोळखी गोरा माणूस दारात येऊन नाव विचारतो, याचा अर्थ काय लावायचा?

इकडे शहरांतून हर्ट यांच्या जुन्या तबकड्या वेगळेच आयुष्य जगत होत्या. १९५२ मध्ये हॅरी स्मिथ या विक्षिप्त संग्राहकाने ‘अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक’ हा ८४ ध्वनिमुद्रणांचा संच फोकवेज कंपनीतर्फे प्रसिद्ध केला. विसाव्या-तिसाव्या दशकातल्या विस्मृत तबकड्यांतून निवडलेल्या त्या संचात हर्ट यांची ‘फ्रँकी’ आणि ‘स्पाइक ड्रायव्हर ब्लूज’ ही गाणी होती. गायक काळा की गोरा, हे स्मिथने मुद्दामच सांगितले नव्हते. परिणामी, हर्ट हा डोंगराळ भागातला कुणी गोरा गायक असावा, असे श्रोते कित्येक वर्षे समजत राहिले. वर्णाच्या नावाने तबकड्यांचे गठ्ठे वेगळे बांधणाऱ्या कंपन्यांनी जे ओळखले नाही, ते या गैरसमजाने सिद्ध केले. आवाजाला कातडी नसते.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आणि साठच्या आरंभी अमेरिकन विद्यापीठांतली तरुण पिढी लोकसंगीताने झपाटली होती. या पिढीसाठी स्मिथचा संच म्हणजे पाठ्यपुस्तकच. त्यातले गायक जिवंत असतील, ही कल्पना मात्र कुणाला सुचत नव्हती. वॉशिंग्टनमधले संग्राहक डिक स्पॉट्सवुड आणि त्यांचा मित्र टॉम हॉस्किन्स यांच्या हाती ‘अ‍ॅव्हलॉन ब्लूज’ लागले, तेव्हा गाण्यात घेतलेल्या त्या गावाच्या नावाने त्यांचे कान टवकारले. चालू नकाशात मिसिसिपीत असे गाव नव्हते. जुन्या अ‍ॅटलासमध्ये ते सापडले, ग्रीनवूड आणि ग्रेनेडा यांच्या दरम्यान. हॉस्किन्सने गिटार गाडीत टाकली आणि तो दक्षिणेकडे निघाला. दुकानाशी थांबून चौकशी करणारा तरुण तो हाच.

पुढे हर्ट हा प्रसंग हसत-हसत सांगत, पण त्यातली गोष्ट हसण्यासारखी नव्हती. हा माणूस पोलीस किंवा एफबीआयचा असावा, आपल्या हातून काय गुन्हा घडला, असेच त्यांच्या मनात पहिल्यांदा आले. हॉस्किन्सने खात्री करून घेण्यासाठी गाणे म्हणायला सांगितले. घरात गिटार नव्हती, म्हणून त्याने आपलीच पुढे केली. गाणे सुरू होताच शंका उरली नाही. हॉस्किन्सने वॉशिंग्टनला येण्याचा आग्रह धरला. नाही म्हटले तर हा आपल्याला धरून नेईल, त्यापेक्षा आपणहून गेलेले बरे, असा विचार करून हर्ट यांनी होकार दिला. कलेच्या इतिहासात ज्याला ‘शोध’ म्हणून गौरवले जाते, तो शोध ज्याचा लागला त्याच्या बाजूने असा दिसत होता. सत्तर वर्षांच्या माणसाला आपल्या आयुष्यातली सर्वांत मोठी संधी अटकेसारखी वाटावी, याहून मिसिसिपीतल्या वर्णद्वेषाचे नेमके वर्णन सापडणे कठीण.

वॉशिंग्टनला आल्यावर घटना भराभर घडल्या. १९६३ मध्येच लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी त्यांचे दीर्घ ध्वनिमुद्रण झाले. नाचाची गाणी, खुनाच्या कथा, भजने, रेल्वेची गाणी असा मोठा साठा त्या वेळी नोंदला गेला. जुलैमध्ये ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट महोत्सवात ते गायले. त्याच महोत्सवात बॉब डिलन, जोन बाएझ ही नवी नावे तळपत होती. मागासलेल्या काळाची जिवंत आठवण पाहायला आलेल्या श्रोत्यांसमोर डोक्यावर हॅट घातलेला, ठेंगणासा, मिस्कील हसणारा एक म्हातारा बसला आणि त्याने आपल्या ओसरीवर गावे तसे गाणे सुरू केले. आवाज चढवला नाही, लय वाढवली नाही. हजारोंचा जमावच आवाज खाली करून त्याच्याकडे सरकला.

त्यानंतर विद्यापीठे, कॉफीगृहे, कार्नेगी हॉल, जॉनी कार्सन यांचा दूरचित्रवाणीवरचा ‘टुनाइट शो’ असा प्रवास झाला. वॉशिंग्टनमधल्या ‘ओंटारियो प्लेस’ या कॉफीगृहात ते नेमाने गात. कार्यक्रमानंतर गिटार शिकणारी मुले त्यांच्या बोटांकडे टक लावून बसत आणि ते न कंटाळता पुन्हा-पुन्हा वाजवून दाखवत. आज जगभर गिटारवर बोटांनी वाजवणारे वादक त्यांची गाणी पहिल्या धड्यांत शिकतात, त्या परंपरेची सुरुवात या बैठकांत आहे. न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या ‘लव्हिन स्पूनफुल’ या लोकप्रिय रॉक गटाने आपले नावच त्यांच्या ‘कॉफी ब्लूज’ या गाण्यातून उचलले.

हर्ट सापडले, याचा परिणाम त्यांच्यापुरता राहिला नाही. तबकड्यांवरची नावे म्हणजे मेलेली माणसे नव्हेत, हे एकदा कळल्यावर तरुण संग्राहक मिसिसिपीच्या वाटेला लागले. त्याच वर्षी जॉन फेही आणि एड डेन्सन यांनी बुका व्हाइट या गायकाच्या एका गाण्यात अ‍ॅबरडीन गावाचे नाव ऐकून, जुना ब्लूज गायक एवढाच उल्लेख करून त्या गावच्या टपाल कार्यालयाकडे पत्र टाकले आणि ते त्याला पोहोचलेही. जून १९६४ मध्ये स्किप जेम्स मिसिसिपीतल्या एका रुग्णालयात सापडले, सन हाऊस न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरमध्ये. त्या उन्हाळ्यात न्यूपोर्टला यांतली काही म्हातारी मंडळी एकत्र आली. त्यांतल्या काहींच्या मनात फुकट गेलेल्या वर्षांचा कडवटपणा होता आणि तो रास्तच होता. हर्ट यांना ओळखणाऱ्यांच्या आठवणींत मात्र त्यांचा सौम्यपणाच पुन्हा-पुन्हा येतो.

या सौम्यपणाचा हिशेब व्यवहारात मात्र चुकता झाला नाही. मिळकत शेतमजुरीपेक्षा कितीतरी अधिक होती, हे खरे. पण लिहिणे-वाचणे जुजबी असलेल्या माणसाच्या नावाने झालेल्या करारमदारांत त्यांच्या गाण्यांचे हक्क वाटले गेले आणि त्यांवरून त्यांच्या मृत्यूनंतर वर्षानुवर्षे न्यायालयीन वाद चालले. ज्यांनी त्यांना प्रेमाने शोधून काढले, त्यांच्याच काळात हे घडले. अर्धेलीच्या वहीतून सुटलेला माणूस दुसऱ्या एका वहीत जमा झाला, असे म्हणावेसे वाटते ते याचमुळे.

महानगरात त्यांचे मन रमले नाही. १९२८ मध्ये न्यूयॉर्कला नाताळात झालेली घालमेल पस्तीसहून अधिक वर्षांनीही तशीच होती. अखेर ते मिसिसिपीला परतले आणि अ‍ॅव्हलॉनपासून जवळच ग्रेनेडा येथे राहू लागले. १९६६ मध्ये व्हॅनगार्ड कंपनीने ‘टुडे!’ हा त्यांचा आल्बम प्रसिद्ध केला. जुन्या माणसाच्या संग्रहाला ‘आज’ असे नाव देण्यात प्रकाशकाचे औचित्य दिसते. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला हृदयविकाराने ग्रेनेडा येथे त्यांचे निधन झाले. अ‍ॅव्हलॉनजवळच्या सेंट जेम्स दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. व्हॅनगार्डसाठी अखेरच्या काळात केलेली ध्वनिमुद्रणे त्यानंतर ‘द इमॉर्टल’ आणि ‘लास्ट सेशन्स’ या नावांनी आली. ‘टुडे!’ची निवड लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००९ च्या यादीत राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांत केली.

त्यांचे अ‍ॅव्हलॉनमधले घरही त्यांच्या नातीच्या प्रयत्नांनी जपले गेले होते. तीन खोल्यांच्या त्या लाकडी घराचे छोटेसे संग्रहालय झाले. दूरदूरहून गिटारवादक तिथे येत, ओसरीवर बसून वाजवत. फेब्रुवारी २०२४ मध्ये आग लागून ते घर जळून गेले.

मेम्फिसच्या त्या रिकाम्या दालनात मान न हलवता गायलेल्या पस्तिशीतल्या माणसाला आणि न्यूपोर्टच्या मंचावरच्या सत्तरीतल्या म्हाताऱ्याला एकाच गाण्यात लागोपाठ ऐकले, तर मधली पस्तीस वर्षे कुठे गेली हे कानाला कळत नाही. ती वर्षे अ‍ॅव्हलॉनच्या शेतात गेली होती. त्यांची भरपाई कुठल्याही महोत्सवाने झाली नाही आणि होण्यासारखी नव्हती. हॉस्किन्सला ‘अ‍ॅव्हलॉन ब्लूज’ ऐकायला मिळाले नसते तर सेंट जेम्स दफनभूमीत आणखी एका शेतमजुराची नोंद झाली असती आणि त्याच्या शेजाऱ्यांखेरीज कुणालाच काही उणे वाटले नसते. असे किती जण तसेच गेले असतील, याचा अंदाज कुठल्याच संग्राहकाला नाही. कारण त्या प्रत्येकाला न्यूयॉर्कला जाऊन, गावाच्या आठवणीने कासावीस होऊन, तबकडीवर गावाचे नाव सोडून येण्याची संधी मिळाली नव्हती.